वापर म्हणजे प्रगति नव्हे

हजेरीपटावर ज्याच्या नांवापुढें खूण आहे तो मुलगा शिकला, असें म्हणणाऱ्या मास्तरास कोणी शहाणा म्हणणार नाहीं. वर्गांत बसणें निराळें आणि शिकणें निराळें, हा भेद आमच्या जुन्या पंतोजीसही चांगला ठाऊक होता. मांडी घालून तासभर डुलणाऱ्या मुलास तो 'पाढा म्हणून दाखव' असें म्हणे, आणि मगच त्याची किंमत करी. परंतु हेंच विधान रंगीत आकृत्यांचा व टक्केवारीचा पोषाख करून पुढें आलें, कीं चांगलीं शिकलेलीं माणसेंही मान डोलावूं लागतात, असा आजचा अनुभव आहे. संगणकावरून व मोबाईलवरून दिल्या जाणाऱ्या शिक्षणाच्या वापराचे आकडे शिक्षकापुढें ठेवून, 'ही पाहा तुमच्या विद्यार्थ्यांची प्रगति' असें त्यास सांगण्याची चाल शाळा-कॉलेजांतून झपाट्यानें पडत आहे. तिच्याविषयीं आम्हांस आज कांहीं स्पष्ट बोलावयाचें आहे.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. विद्यार्थी आपल्या नांवानें यंत्रांत प्रवेश करतो, धड्याचें पान उघडतो, चित्रफीत लावतो, प्रश्नांचीं उत्तरें देतो. या प्रत्येक कृतीची नोंद, ती केव्हां झाली त्या वेळेसह, यंत्र आपोआप ठेवीत असतें. अशा हजारों नोंदी एकत्र करून, कोणी किती मिनिटें घालविलीं, किती धडे 'पूर्ण' केले, किती उत्तरें बरोबर दिलीं, आणि कोण किती दिवसांत फिरकला नाहीं, यांचा एक फलक शिक्षकासाठीं तयार होतो. त्यास डॅशबोर्ड म्हणतात. या नोंदींच्या अभ्यासाचें आतां एक शास्त्रच झालें असून, 'लर्निंग ॲनालिटिक्स' या नांवानें त्याची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०११ सालीं कॅनडांतील बॅन्फ येथें भरली. मूळ हेतु चांगला आहे. साठ मुलांच्या वर्गांत कोण मागें पडत आहे हें शिक्षकास वेळींच कळावें, यांत वाईट तें काय? आमचें भांडण या हेतूशीं नाहीं, आणि यंत्राशीं तर मुळींच नाहीं. 'वापर' हा शब्द उचलून त्याच्या जागीं 'प्रगति' हा शब्द जो गुपचूप बसविला जातो, त्या हातचलाखीशीं आमचें भांडण आहे.

फलकावर 'अमक्यानें ४० मिनिटें अभ्यास केला' असें लिहिलेलें असतें. हीं ४० मिनिटें यंत्रानें कोठून आणिलीं? यंत्रास मुलगा दिसत नाहीं. त्यास दिसतो तो बोटाचा स्पर्श. एक स्पर्श पांच वाजतां झाला आणि दुसरा पांच वाजून चाळीस मिनिटांनीं झाला, म्हणून मधला सर्व वेळ अभ्यासाचा धरावयाचा, अशी ही साधी वजाबाकी आहे. मधल्या वेळांत मुलगा धडा वाचीत होता, कीं दळण आणावयास गिरणीवर गेला होता, कीं खिडकींतून पतंग पाहत होता, हें त्या वजाबाकींत कोठेंच येत नाहीं. फार मोठें अंतर पडलें तर तें मध्येंच तोडावें, असा नियम करितात. पण कोठें तोडावें, दहा मिनिटांवर, तीस मिनिटांवर कीं तासावर, हें कोणीतरी आपल्या अंदाजानें ठरवितो. २०१५ सालीं विटोमिर कोवानोविच आणि त्यांचे सहकारी यांनीं एकाच नोंदींस वेळ मोजण्याच्या निरनिराळ्या रीती लावून पाहिल्या. रीत बदलली कीं त्यावरून निघणारे निष्कर्षही बदलतात, असें त्यांस आढळून आलें. म्हणजे ज्या मिनिटांवरून मुलास मेहनती किंवा आळशी ठरवावयाचें, तीं मिनिटें मुलानें घालविलेलीं कमी आणि हिशेबनिसानें ठरविलेलींच अधिक!

'पूर्ण' या शब्दाची कथाही अशीच आहे. जगांत पुष्कळ ठिकाणीं वापरांत असलेली मूडल नांवाची प्रणाली घ्या. धडा केव्हां पूर्ण झाला असें समजावें, याची अट तींत शिक्षकास निरनिराळ्या प्रकारें ठरवितां येते. पैकीं एक अट अशी आहे कीं, विद्यार्थ्यानें तें पान नुसतें उघडलें म्हणजे पुरे. या सोयीचा दोष आम्ही प्रणालीस देत नाहीं. सूचनेचें एखादें पान मुलांनीं पाहिलें कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें असेल, तर ही अट रास्तच आहे. परंतु तीच अट सर्व धड्यांस लावून, पुढें 'वर्गाचा अभ्यासक्रम ९५ टक्के पूर्ण' असें मोठ्या अक्षरांत छापावयाचें, म्हणजे देवळावरून रस्ता जातो म्हणून रोजचें दर्शन घडलें, असें म्हणण्यासारखें आहे.

आतां या नोंदी आमच्या घरांत येऊन पाहाव्या. असरच्या २०२१ सालच्या पाहणींत असें आढळलें कीं, ग्रामीण भारतांत ज्या मुलांच्या घरीं स्मार्टफोन होता, त्यांपैकींही २६.१ टक्के मुलांस तो वापरावयास मिळतच नव्हता. तो काळ महामारीचा होता, आणि त्यानंतर घरोघर फोन वाढले, हें खरें. पण घरांत फोन असणें आणि तो मुलाच्या हातांत असणें या दोन गोष्टी आहेत, एवढें तरी त्या आकड्यावरून कोणासही दिसेल. बाप फोन घेऊन कामावर जातो आणि रात्रीं आठास परत येतो. मग मोठी बहीण आणि धाकटा भाऊ मिळून एकाच्याच नांवानें धडा उघडतात. उत्तरें बहीण देते आणि 'शाबास' भावास मिळते. दुसऱ्या घरीं मुलगी शेजारणीकडून छापील प्रश्न उतरून घेते, वहींत सोडविते, आणि यंत्राच्या दृष्टीनें ती महिनाभर बेपत्ता असते. तिसऱ्या घरीं, आणि येथें आमच्या वाचकवर्गांतील पुष्कळांचें घर आम्ही धरतों, मुलास स्वतःची टॅब्लेट आहे, स्वतःची खोली आहे, आणि शिकवणीचे मास्तर शेजारीं बसून कोणतें उत्तर दाबावें तें सांगत आहेत. फलकावर पहिला गोंधळलेला, दुसरी आळशी आणि तिसरा हुशार ठरतो. या रंगांत मुलाच्या बुद्धीचा अंश किती आणि बापाच्या खिशाचा किती, हें त्या फलकास सांगतां येत नाहीं. आणि जो शिक्षक घराची चौकशी न करितां नुसता फलक वाचील, त्यासही तें कळणार नाहीं.

मुलें तर आपल्याहून चतुर. आपणांस कशानें मोजतात हें त्यांस दोन दिवसांत कळतें, आणि तिसऱ्या दिवसापासून तीं त्या मापाचा अभ्यास करूं लागतात. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत रायन बेकर आणि त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं हीच गोष्ट प्रसिद्ध केली. संगणकावर गणित शिकविणाऱ्या एका कार्यक्रमांत मुलगा अडला तर त्यास टप्प्याटप्प्यानें सूचना मिळत, आणि शेवटच्या सूचनेंत उत्तरच असे. कांहीं मुलें विचार न करितां भराभर सूचना दाबीत जाऊन उत्तर काढीत, किंवा सर्व आंकडे एकामागून एक टाकून पाहत. तीं मुलें इतरांहून कमी शिकलीं, असें त्यांस आढळलें. विशेष हें कीं, नुसती नोंद पाहिली तर हीं मुलें कामांत गुंतलेलीं दिसतात. बोट चालत होतें. डोकें थांबलें होतें.

हें केवळ मुलांचें झालें. परंतु ज्या आकड्यावर मोठ्यांची भाकर अवलंबून असते, तो आकडा मोठीं माणसेंही निर्मळ राहूं देत नाहींत. याचा दाखला जुना आहे. १८६२ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट लो यांनीं प्राथमिक शाळांसाठीं नवी संहिता लागू केली. मुलांची हजेरी, आणि तपासनिसापुढें त्यांनीं दिलेली वाचन, लेखन व अंकगणित यांची परीक्षा, यांवर शाळेचें सरकारी अनुदान ठरूं लागलें. एक मूल एका विषयांत नापास झालें कीं शाळेचे दोन शिलिंग आठ पेन्स बुडत. फळानुसार पैसा, ही गोष्ट ऐकावयास किती न्यायाची वाटते! कवि व टीकाकार मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळा-तपासनीस होते. वाचतां, लिहितां वा हिशेब करितां खरोखर येत नसलेलीं मुलेंही युक्तीनें तयार करून त्या परीक्षेंतून पार काढतां येतात, आणि शिकविणें दिवसेंदिवस यांत्रिक होत चाललें आहे, असें त्यांनीं आपल्या अहवालांत लिहून ठेविलें. मुंबई इलाख्यांतही शाळांच्या अनुदानास ही पद्धत लागली होती, आणि १८८२ सालच्या हंटर कमिशनपुढें तिचा खल झाला. इंग्लंडांत ती पुरी मोडावयास १८९० चें दशक उजाडावें लागलें. कित्येक पिढ्यांपूर्वीं टाकून दिलेलें तें नाणें आज नवा मुलामा देऊन पुन्हां बाजारांत येत आहे, आणि आपण तें वाजवूनही पाहत नाहीं. 'अमुक तारखेपर्यंत सर्व विद्यार्थ्यांचे धडे शंभर टक्के पूर्ण दिसले पाहिजेत' असें फर्मान वरून सुटलें, कीं शिक्षक काय करील? वर्गांत उभा राहून तो म्हणेल, 'मुलांनो, आधीं सगळ्यांनीं पानें उघडून घ्या, मग आपण शिकूं.' आणि त्या मगला पुष्कळदां वेळच उरत नाहीं.

कोणी म्हणेल, 'हीं सर्व अडाण्यांचीं उदाहरणें झालीं. मोठ्या विद्यापीठांत शास्त्रशुद्ध रीतीनें हें केलें तर काय होतें तें सांगा.' तेंही सांगतों. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठानें २००७ च्या सुमारास 'कोर्स सिग्नल्स' नांवाची योजना सुरू केली. विद्यार्थ्याचे चालू गुण, प्रणालींतील त्याचा वावर, त्याची मागील कामगिरी आणि इतर माहिती यांचें गणित करून त्याच्या नांवापुढें तांबडा, पिवळा किंवा हिरवा दिवा लावीत. शिक्षकानें तो पाहून विद्यार्थ्यास पत्र लिहावें किंवा बोलावून घ्यावें, अशी व्यवस्था होती. २०१२ सालीं योजनेच्या चालकांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, ज्या विद्यार्थ्यांनीं हे दिवे असलेले दोन किंवा अधिक अभ्यासक्रम घेतले, ते विद्यापीठ सोडून न जातां टिकून राहण्याचें प्रमाण इतरांपेक्षां पुष्कळ अधिक आहे. चोहोंकडे वाहवा झाली. पुढें २०१३ सालीं माइक कॉलफिल्ड, आल्फ्रेड एसा इत्यादि चिकित्सकांनीं एक साधी शंका काढली: जो विद्यार्थी पहिल्याच सत्रांत विद्यापीठ सोडून गेला, तो दुसरा अभ्यासक्रम घेणार केव्हां? अधिक अभ्यासक्रम घेतल्यामुळें तो टिकला, कीं टिकला म्हणूनच त्यास अधिक अभ्यासक्रम घेतां आले?

हा तर्कदोष आमच्या वाचकांस समजावयास पर्ड्यूपर्यंत जावयास नको. ज्यांनीं पंढरीच्या चाळीस वाऱ्या केल्या ते बहुतेक सर्व साठी ओलांडलेले असतात. म्हणून वारीनें आयुष्य वाढतें असें कोणी सिद्ध करूं लागला, तर फडावरचा वारकरीच त्यास हंसून विचारील, 'अहो, जो तिशींत गेला त्यानें चाळीस वाऱ्या करावयाच्या कशा?' वारकऱ्यास जें सहज कळतें तें विद्वानांच्या फलकावरून निसटलें, याचें कारण आकड्यांच्या झगमगाटांत हा साधा प्रश्न विचारावयाचा राहून गेला. त्या दिव्यांनीं कोणाचेंच हित झालें नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. शिक्षकाचें एखादें आपुलकीचें पत्र वेळेवर मिळून कोणी सांवरला असेलही. पण तें पत्राचें पुण्य. दिव्याच्या नांवावर तें जमा करण्यास पुरावा लागतो, आणि पुढें केलेला पुरावा या शंकेपुढें टिकण्यासारखा नव्हता.

आतां पूर्वपक्षाचे दोन मुख्य आक्षेप घेऊं. पहिला असा: 'शिक्षकाची नजर साठ मुलांवर पुरत नाहीं, तेव्हां अपुरा कां होईना, पण यंत्राचा डोळा असलेला बरा.' हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्यांतील सत्य आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. ब्रिटनमधील ओपन युनिव्हर्सिटीसारख्या संस्थेंत विद्यार्थी दूर घरीं बसून शिकतो. त्याचा चेहरा शिक्षकास रोज दिसत नाहीं. तेथें नियमानें येणारा विद्यार्थी एकाएकीं तीन आठवडे फिरकला नाहीं, तर ती शांतता हीच एक बातमी असते, आणि ती कळल्यावर कोणी आपुलकीनें चौकशी केली तर एखाद्याचें शिक्षण वांचतें. या संस्थेनें २०१७ सालीं संशोधकांसाठीं जी माहिती खुली केली, तींत ३२,५९३ विद्यार्थ्यांच्या वावराच्या एक कोटीहून अधिक दैनिक नोंदी आहेत. म्हणजे आंकडे गोळा करण्यांत ती कोणाच्या मागें नाहीं. परंतु त्याच संस्थेनें २०१४ सालीं या माहितीच्या नीतिमान् वापराचें लेखी धोरण ठरविलें, आणि विद्यार्थ्याविषयीं जी माहिती आपणांस दिसते, किंवा तिचा जो अर्थ आपण लावतों, तेवढ्यावरून त्याची संपूर्ण ओळख ठरवूं नये, हें तत्त्व त्यांत घातलें. ज्यांनीं हें काम सर्वांत अधिक केलें त्यांनींच हा इशारा द्यावा, आणि आम्ही फलक विकत घेतांना तेवढाच नेमका मागें ठेवावा, याला काय म्हणावें?

आणि जेथें मुलगा शिक्षकासमोर बांकावर बसलेला आहे, तेथें कोणती माहिती कामाची? येथें आमचा खरा मुद्दा आहे. शिक्षकास मिनिटांची गरज नाहीं. त्यास चुकीची गरज आहे. ५२ मधून २७ वजा करावयास सांगितलें असतां एका मुलानें ३५ उत्तर लिहिलें. फलक म्हणेल, 'चूक, गुण शून्य.' पण अनुभवी शिक्षक थबकून पाहील: दोनांतून सात जात नाहींत म्हणून या मुलानें सातांतून दोन काढले आहेत, दशक मोडून हातचा घेणें त्यास उमगलेलें नाहीं. ही चूक आळसाची नाहीं. मुलगा मन लावून एक चुकीचा नियम पाळीत आहे, आणि पन्नास उदाहरणें अधिक दिलीं तर तो पन्नास वेळां तीच चूक इमानानें करील. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनीं १९७८ सालींच दाखवून दिलें कीं, वजाबाकींतील मुलांच्या चुकांमागें असे ठराविक नियम असतात, आणि ते संगणकास उत्तरांवरून हुडकून काढतां येतात. म्हणजे यंत्राच्या अंगीं हें सामर्थ्य फार पूर्वीपासून आहे. 'वर्गांतील नऊ मुलें हातच्यावर अडलीं आहेत, आणि चौघांस ०.३५ ही संख्या ०.८ पेक्षां मोठी वाटते, कारण ३५ हे ८ हून मोठे', एवढें जर फलकानें सांगितलें, तर शिक्षक त्यास हात जोडील. दुसऱ्या दिवशीं काय शिकवावें तें त्यास घरबसल्या कळेल. असें असतां बाजारांतील फलकांवर मिनिटें, बिल्ले आणि टक्के हेच कां मिरवितात? कारण उघड आहे. मिनिटें कोणत्याही विषयांत आयतीं सांपडतात; चुकीचा अर्थ लावावयाचा तर त्या विषयाचा, त्या इयत्तेचा आणि त्या भाषेचा जाणता शिक्षक आधीं बसवावा लागतो, आणि त्याला पैसे पडतात. जें स्वस्तांत मोजतां येतें तेंच महत्त्वाचें, असें गिऱ्हाइकास पटविणें हा व्यापार झाला. त्यास शिक्षणशास्त्र म्हणूं नये.

दुसरा आक्षेप असा कीं, 'शिक्षक पक्षपाती असतो, यंत्र निःपक्षपाती.' शिक्षकांत पक्षपाती माणसें आहेत, जात व श्रीमंती पाहून मुलांस पुढच्या-मागच्या बांकावर बसविणारे आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण यंत्र निःपक्षपाती ही समजूत भोळी आहे. यंत्र भविष्य सांगतें तें भूतकाळावरून. २०२० सालीं महामारीमुळें इंग्लंडांत ए-लेव्हलच्या परीक्षा झाल्या नाहींत. तेव्हां शिक्षकांनीं दिलेल्या श्रेणी एका गणिती सूत्रांतून काढून 'दुरुस्त' करण्यांत आल्या. त्या सूत्रांत त्या त्या शाळेचे मागील वर्षांचे निकाल धरलेले होते. सुमारें ३९ टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजाहून खालीं आल्या. ज्या शाळेचा इतिहास कच्चा, तेथील हुशार मुलासही त्या इतिहासाची शिक्षा भोगावी लागली. विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि १३ ऑगस्टला लागलेले ते निकाल १७ ऑगस्टला मागें घ्यावे लागले. पक्षपाती शिक्षकाशीं भांडतां येतें, त्याच्या दारीं बाप जाऊं शकतो, हेडमास्तरांकडे तक्रार नेतां येते. सूत्राशीं कोणी भांडावें? आपल्या घराण्यांत, गांवांत वा शाळेंत जो प्रथम वर येऊं पाहतो, त्याच्याविषयीं भूतकाळांत कांहींच लिहिलेलें नसतें. आणि शिक्षण तर मुख्यतः त्याच्यासाठींच आहे.

आतां आमच्या वाचकांशीं, म्हणजे आईबापांशीं, दोन शब्द. आपल्या फोनवर संध्याकाळीं संदेश येतो: 'आपल्या पाल्यानें या आठवड्यांत ७२ टक्के प्रगति केली.' हे कशाचे बहात्तर टक्के आहेत, हें आपण कधीं विचारलें आहे काय? आपण तो आकडा शेजाऱ्यास दाखवितां, कमी असल्यास मुलास रागें भरतां, आणि मुलगाही जेवतां जेवतां चार पानें उघडून तो वाढवून ठेवतो. अशानें मूल एवढेंच शिकतें कीं, समजणें महत्त्वाचें नसून समजल्याचें दिसणें महत्त्वाचें आहे. शिवाय ही नोंद राहते कोठें, आणि पाहतो कोण? अमेरिकेंत 'इनब्लूम' नांवाची संस्था २०१३ सालीं कोट्यवधि डॉलरांच्या देणगीवर उभी राहिली. शाळकरी मुलांची माहिती एका ठिकाणीं साठवावी हा तिचा उद्देश होता. तेथील आईबापांनीं प्रश्न विचारावयास सुरुवात केली, आणि २०१४ सालीं तिला आपला गाशा गुंडाळावा लागला. आमच्याकडे २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यांत, १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वीं आईबापांची पडताळतां येईल अशी संमति घ्यावी, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवूं नये, अशी तरतूद आहे. परंतु २०२५ सालच्या नियमांनीं शिक्षणसंस्थांस शैक्षणिक कामापुरती त्यांतून सवलत दिली आहे. सवलतीचें काम कोठें संपतें आणि पाळत कोठें सुरू होते, हें पाहणारे डोळे आईबापांचेच असले पाहिजेत. वर्गांत चुकलेलें मूल पूर्वीं पाटी पुसून मोकळें होत असे. आठव्या वर्षीं केलेल्या चुका अठराव्या वर्षापर्यंत ज्याच्या मागें फिरतात, तें मूल चूक करावयासच भिईल; आणि जें चुकावयास भितें तें शिकावयाचें कसें?

तेव्हां आमचें मागणें काय, असें कोणी विचारील. तें फार नाहीं. प्रत्येक आकड्याशेजारीं तो कसा काढला हें साध्या मराठींत लिहिलेलें असावें. ज्याचा अर्थ शिक्षकास सांगतां येत नाहीं तो आकडा त्याच्या फलकावर नसावा. मिनिटांपेक्षां चुका दाखवाव्या, आणि त्या विषय शिकविणाऱ्यांच्या सल्ल्यानें लावलेल्या असाव्या. वापराचा कोणताही आकडा एकटा घेऊन तो मुलाच्या प्रगतिपुस्तकांत किंवा शिक्षकाच्या गोपनीय अहवालांत उतरवूं नये. कारण तो तेथें उतरला त्याच दिवसापासून खोटा होऊं लागतो. आणि आपल्याविषयीं काय लिहिलें आहे हें पाहण्याचा, 'बाई, त्या आठवड्यांत फोन वडिलांकडे होता' असें सांगण्याचा, आणि वर्ष सरल्यावर ती नोंद पुसून घेण्याचा अधिकार मुलास असावा. एवढें ज्या शाळेंत होईल तेथील फलकास आम्ही शिक्षकाचा मित्र म्हणूं; नुसत्या मिनिटांच्या फलकावर खर्च करणाऱ्या शाळांस आमचें सांगणें हेंच कीं, तो पैसा वर्गांतील मुलें कमी करण्याकडे लावावा.

नोंद ही शिक्षकाच्या मनांत प्रश्न उभा करण्यापुरतीच चांगली. 'ही मुलगी तीन आठवडे कां आली नाहीं?' असा प्रश्न पडून जो शिक्षक तिच्या घरीं जातो किंवा तिला जवळ बोलावून विचारतो, त्यास यंत्रानें खरी मदत केली. 'ही मुलगी तीन आठवडे आली नाहीं. सबब ती अभ्यासांत कच्ची' असें लिहून जो पुढें जातो, त्यास यंत्रानें आंधळें केलें. दोघांपुढें आकडा एकच होता. आणि आईबापांस आमची एवढीच विनंति आहे कीं, त्यांनीं आज रात्रीं टक्केवारीचा संदेश बाजूस ठेवून मुलास विचारावें, 'आज शाळेंत तुला काय समजलें नाहीं?' मूल जें सांगेल तें उद्यां त्याच्या शिक्षकाच्या कानावर घालावें.